आत्याचा मान आणि आठ अक्षरं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१४ जून १९९२

ती. आत्यास,

नमस्कार, आणि नमस्काराच्या आधी एक उडी. आत्या, चाललं ग. काल दुपारी चाललं, आज सकाळी पुन्हा चालवून बघितलं, तरीही चाललं. आनंदानं मी आणि सत्यजीतनं गॅरेजात एवढा आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरून लोक काय पडलं ते बघायला आले. सत्यजीत म्हणजे माझ्याबरोबर कॉलेजात होता तो, चष्मेवाला. तुला घरी काही खायला देतात की नाही, असं तू त्याला विचारलं होतंस.

तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हे तू दर वेळी अभिमानानं सांगतेस, म्हणून पहिल्यापासून सांगते. एखाद्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर येतो तेव्हा तो रिकाम्या घरासारखा असतो. त्यात मालाच्या नोंदीचा, पगाराचा, कशाकशाचा प्रोग्राम टाकावा लागतो, आणि प्रोग्राम येतो ढीगभर फ्लॉपींवर. मग आमच्यासारखं कुणीतरी तिथं जायचं, एकामागून एक फ्लॉपी घालायची आणि काय कुठं ठेवायचं ते मशीनला ओळीओळीनं सांगायचं. एक ओळ चुकली की सगळं मुसळ केरात. फोर्टातली नोकरी सोडल्यापासून मी आणि सत्यजीत याच्याच मागे होतो. आता एक फ्लॉपी घालायची, एक शब्द टाइप करायचा, एन्टर दाबायचं. बाकीचं ते स्वतः विचारतं, स्वतः मांडतं, पुढची फ्लॉपी हवी असली की मागून घेतं, आणि मध्येच काही बिघडलं तर घर आधी होतं तसं आवरून ठेवतं. असं निदान आपल्या इथं तरी मी कुठं पाहिलेलं नाही.

अडलंय ते त्या एका शब्दापाशी. तो शब्द म्हणजेच त्याचं नाव, आणि मशीन आठच इंग्रजी अक्षरं घेतं, नववं घेत नाही. सत्यजीतनं काढलेली नावं रॉकेटला शोभतील अशी आहेत. बाबा म्हणाले, कुलदेवीचं ठेव. आई म्हणाली, त्या खोक्याला नाव शोधण्यापेक्षा तुझ्या नावापुढे कुणाचं नाव लागणार ते शोधूया.

आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. माझं तू ठेवलंस, आता याचंही तूच ठेव. गणपतीत द्रोणागिरीला वल्लभशेठच्या वखारीत हे चालवून दाखवायचंय. न्हावाशेवा बंदराचा माल त्यांच्याकडे उतरतो आणि त्यांची ऑफिसं कांडल्यापासून मद्रासपर्यंत आहेत. त्यांनी घेतलं तर ते सगळीकडे जाईल. नाही घेतलं तर दिवाळीनंतर मुकाट्यानं पुन्हा नोकरी शोधीन, असं मी बाबांना कबूल केलंय. पण मला शेठपेक्षाही या नावाची काळजी आहे. माझं पहिलंवहिलं आहे हे. लोक हाक मारतील असं काहीतरी दे.

तुझी,
इरा

—

मिरज
२६ जून १९९२

चि. इरास,

आशीर्वाद. उडी पोचली, काकांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

आमच्या बँकेत कॉम्प्युटर येऊन दोन महिने झाले. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे आणि मॅनेजरसाहेब सोडून कुणी ते उचलत नाही. पाच वर्षांपूर्वी मी काळी फीत लावून याच कॉम्प्युटरविरुद्ध गेटवर घसा फोडला होता, आणि आज त्याच्या पोराच्या बारशाला निघालेय. आमच्या युनियनचा तुळशीराम म्हणाला, वसुंधराबाई, आता शत्रूच्या घरचे पेढे खाणार का? मी म्हटलं, भाची माझी, पेढेही माझे, तुला हवा तर अर्धा देते.

तुझं पत्र मी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं आणि चूक केली. काम राहिलं बाजूला, सगळी शाखा नावं काढत बसली. कॅशियर म्हणतो 'झटपट', शिपाई म्हणतो 'भीम'. काकांचं डोकं सगळ्यांत वर चाललं. म्हणाले, मारुतीला मुळी ओळखता येईना म्हणून त्यानं अख्खा द्रोणागिरी उचलून आणला, तुमच्या इराचं तेही सगळं उचलूनच आणतं, आणि दाखवायचंय तेही द्रोणागिरीलाच, तेव्हा नाव 'द्रोणागिरी'. मग बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली तर नऊ भरली. तेव्हापासून ते त्या मशीनवर रुसलेत.

पण मूल न बघता नाव ठेवणारी आत्या मी नव्हे. ते दिसतं कसं, बोलतं कसं, त्याला हाक कोण मारणार, सगळं लिही. आणि घाई करू नकोस. नाव एकदा चिकटलं की माणूस जन्मभर त्याला ओ देत बसतो. तुझ्या आईला, शोभाला सांग, पोरीच्या मागे लग्नाचा धोशा लावू नको, मी येऊन बोलेन.

तुझी आत्या,
वसुंधरा

—

नवीन पनवेल
९ ऑगस्ट १९९२

ती. आत्यास,

पत्राला फार उशीर झाला, कान धरते. इथं ऑफिसं, दवाखाने, कामोठ्यातले क्लासवाले, जो 'ये' म्हणेल त्याच्या मशीनवर आम्ही ते चालवून बघत होतो. दिसतं कसं विचारलंस ना? निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि खाली काम जसजसं होईल तसतशी भरत जाणारी एक पट्टी. ती पट्टी भरताना लोक दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे बघत राहतात. आणि बोलतं मराठीत. ते मी केलंय. सत्यजीत म्हणाला होता, कॉम्प्युटरमध्ये मराठी कशाला? मी म्हटलं, तू तुझ्या आईशी कशात बोलतोस?

आता खरी गोष्ट. वल्लभशेठ परवा स्वतः गॅरेजात येऊन गेले. बघून खूश झाले. मग उठता उठता म्हणाले, द्रोणागिरीला नीट चाललं तर घेतो, पण नाव 'वल्लभ' ठेवायचं. इंग्रजी सात अक्षरं, मापात बसतं. मी म्हटलं, नाव आम्ही ठेवणार आहोत. तर हसून म्हणाले, "बेन, मुलगी आमच्या घरात आली की नाव आमचं. तुमच्यात पण बदलतात ने?" आणि सत्यजीत लगेच मान डोलावून मोकळा झाला. म्हणतो, नावात काय आहे, त्यांच्या सगळ्या ऑफिसांत जाईल ना? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रागारागात मी हे घरी सांगितलं. तेव्हा आई सहज बोलून गेली की तुझ्या आत्याचंही बदललंच की, ती हौसा होती. मला ठाऊकच नव्हतं, आत्या. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वसुंधरा' लिहिलं, आणि तू मांडवात हमसून हमसून रडलीस, असं आई म्हणाली. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. वीसेक वर्षांची बाई, आणि तिचं जन्माचं नाव मूठभर तांदळात पुसून टाकायचं, आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस.

तेव्हा आता तू नाव शोधू नकोस. मला मिळालंय. काय ते सांगणार नाही, पण ते ऐकून तुला फार बरं वाटेल एवढं नक्की. वल्लभशेठ बघतीलच.

तुझी लाडकी,
इरा

—

मिरज
१९ ऑगस्ट १९९२

चि. इरास,

आशीर्वाद. बँकेच्या पायरीवर बसून चार ओळी लिहितेय, पोस्टाची पेटी उघडायच्या आत टाकायच्यात.

नाव मला आधी कळव. न कळवता काही छापू नकोस. आणि शोभाला म्हणावं, मी मांडवात कशानं रडले ते तिला कुणी सांगितलं? तेव्हा ती आपल्या घरात आलीही नव्हती.

आत्या

—

नवीन पनवेल
१० सप्टेंबर १९९२

ती. आत्यास,

तुझी चिठ्ठी आली तेव्हा फ्लॉपीची लेबलं छापून झाली होती. रागावू नकोस. आधी ऐक तर.

मंगळवारी द्रोणागिरीला गेलो. वखारीत एका टोकाला काचेची केबिन, तिच्यात कॉम्प्युटर, आणि भोवती शेठ, त्यांचे मॅनेजर आणि माल मोजणारी माणसं. मी खुर्चीत बसायला गेले तर शेठ म्हणाले, तुम्ही नाही, कुणालाही जमतं म्हणता ना, मग आमचा माणूस बसेल. त्यांनी सुदामला बोलावलं. तो उरणकडच्या गावातला, वखारीत आलेल्या पेट्यांवर नंबर घालतो. त्यानं कॉम्प्युटरला आधी नमस्कार केला. मी त्याला फ्लॉपीवरचं नाव दाखवलं. त्यानं एकेक अक्षर शोधून टाइप केलं, इंग्रजी पाचच, आणि एन्टर दाबलं.

काय टाइप केलं सांगू? हौसा.

निळा पडदा उघडला, वर मोठ्या अक्षरांत 'हौसा' आलं, पट्टी भरायला लागली. सुदामनं न चुकता फ्लॉपी बदलल्या. पट्टी अर्ध्यावर गेली आणि वीज गेली. अख्खी वखार काळी. सत्यजीतनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की अजून दुखतोय. मॅनेजर म्हणाले, झालं, आता पहिल्यापासून. मग वीज आली. सुदामनं मशीन चालू केलं, तेच नाव पुन्हा टाइप केलं, आणि पडद्यावर आलं की मघाशी काम अर्धं राहिलं होतं, पुढे जाऊ की सगळं आवरून ठेवू? सुदाम वळून मला म्हणाला, "ताई, हौसा इचारते, फुडं जाऊ का. काय सांगू तिला?"

मी म्हटलं, सांग जा म्हणून. आणि ती गेली, आत्या. पट्टी भरली, प्रोग्राम चालू झाला, सगळ्या वखारीनं टाळ्या वाजवल्या. मी त्या माणसांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग शेठनी विचारलं, ही हौसा कोण? मी सरळ सांगितलं. माझी आत्या. तिचं नाव लग्नात पुसलं, कुणी तिला विचारलं नाही. याचं मी पुसू देणार नाही. शेठनी फ्लॉपीवरचं लेबल वाचलं. म्हणाले, काम पसंत आहे, नावाचं बघू, आता पितृपक्ष लागतोय, दसऱ्याला सांगतो. परत येताना सत्यजीत एवढंच म्हणाला की हातात आलेलं घालवलंस. घालवलं तर घालवलं. तुझं नाव आता कुणी पुसणार नाही.

तुझी,
इरा

—

मिरज
२० सप्टेंबर १९९२

चि. इरास,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले. काका तर अजून हसताहेत. तीस वर्षांनी कुणीतरी मला हौसा म्हणून हाक मारली, आणि तीही द्रोणागिरीच्या वखारीत.

पोरी, ते नाव मला कधी आवडलं नाही. पणजीचं नाव म्हणून माझ्या गळ्यात पडलं. शाळेत मास्तर हजेरी घेताना 'हौसा' म्हणाले की मागच्या बाकावरून कुणीतरी 'हौसेला मोल नाही' म्हणायचंच, आणि सगळा वर्ग हसायचा. पंधराव्या वर्षी मी माझं नाव स्वतः निवडलं, वसुंधरा. केवढं ऐसपैस नाव, नाही? आरशासमोर उभी राहून स्वतःला हाक मारायची. घरात सांगितलं तर आई म्हणाली, नाव काय, ठेवलं ते ठेवलं, ते बदलेल तुझ्या लग्नात.

मग मी लग्नाची वाट बघत बसले, नवऱ्याची नव्हे. काका मला बघायला आले, तेव्हा आम्हांला ओसरीवर पाच मिनिटं बोलू दिलं. त्यांनी विचारलं, तुमची काही अपेक्षा? मी म्हटलं, एकच. ताटात तांदूळ येतील तेव्हा त्यांत वसुंधरा लिहायचं. घरच्यांनी दुसरं काहीही सुचवलं तरी हेच लिहायचं. सासूबाईंच्या मनात 'सुमती' होतं. ऐन वेळी त्यांनी ते मोठ्यानं सांगितलंही. आणि काकांनी सगळ्यांसमोर मान खाली घालून माझं नाव लिहिलं. मी रडले ती त्या आनंदानं. तेव्हाच मला कळलं की हा माणूस आपला आहे. शोभानं कुठून तरी अर्धंच ऐकलंय.

आता रागावण्याचं. वल्लभशेठ न विचारता नाव बदलतोय म्हणून तू चिडलीस, ते योग्यच. आणि तू काय केलंस? मला न विचारता, मी मोठ्या हौसेनं टाकून दिलेलं नाव उचललंस आणि चारचौघांत माझ्या कपाळी लावलंस. वर त्या माणसाला सांगितलंस की माझ्या आत्यावर अन्याय झाला. तुझ्यात आणि शेठमध्ये फरक एवढाच की तुझं माझ्यावर प्रेम आहे. त्या प्रेमानं माझं मन भरून आलं, ते मी लपवत नाही. पण लेबलं काढ.

आणि मीही चुकले. तुझं पत्र आल्या आल्या बारशाचा मान घेऊन बसले, शाखाभर मिरवला. पाच महिने गॅरेजात तू मेलीस, हाक मारताना घसा तुझा दुखणार, आणि नाव मी का ठेवायचं? आत्याचा मान मी या वेळेपुरता सोडते, आनंदानं सोडते. माझ्या बाजूनं लढायचं म्हणून नको, आणि शेठला हरवायचं म्हणूनही नको. तुला जे वाटतं ते ठेव. आणि दसऱ्याची वाट बघत बसू नकोस. शेठनी अंगठी हातात घ्यायच्या आत त्यांना सांग काय लिहायचं ते.

तुझी,
वसुंधरा (हेच नाव, कायमचं)

—

नवीन पनवेल
७ ऑक्टोबर १९९२

ती. वसुंधरा आत्यास,

तुझं पत्र वाचलं. आधी लाजले. मग लेबलं सोलायला बसले, आणि सत्यजीत काही न विचारता शेजारी बसून सोलू लागला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, तुझी आत्या ग्रेट आहे. आमचं भांडण तिथंच संपलं.

मग मी विचार करत बसले की माझ्या मनात याचं नाव काय आहे. आणि ते सुचलं कामोठ्यात. एका क्लासवाल्यांकडे फ्लॉपींचा डबा घेऊन गेले होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, या, बसा. आत्या, मी या वर्षात जिथं जिथं डबा घेऊन गेले, पत्र्याच्या ऑफिसात काय आणि साहेबांच्या केबिनमध्ये काय, कुणी मला ओळखत नव्हतं, मी काय करणार ते कुणाला कळत नव्हतं, पण दार उघडलं की पहिलं बोलणं हेच. आमचं ते दुसरं काय करतं? नवा प्रोग्राम दाराशी येतो, आणि ते त्याला म्हणतं, या बसा. हेच जोडून टाइप करायचं. इंग्रजी सहा अक्षरं, दोन शिल्लक.

घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी मी वल्लभशेठकडे गेले, एकटी. सांगितलं की मागचं नाव चुकीचं होतं, जिचं होतं तिला ते नको आहे, आणि तिच्यावर अन्याय वगैरे काही झालेला नाही. मग नवं नाव सांगितलं. म्हटलं, शेठ, हे नाव राहणार. खाली तुमचं 'वल्लभ' लावा हवं तर, आडनाव लावतात तसं. पण हाक याच नावानं मारायची. हे नको असेल तर मी फ्लॉपी परत नेते.

शेठ ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणाले. मग त्यांनी भलताच प्रश्न टाकला. "बेन, टाकायला 'या बसा'. आणि प्रोग्राम काढायचा असेल तर काय टाइप करायचं?"

मी याचा विचारच केला नव्हता. टाकायच्या नादात काढायचं डोक्यातच आलं नाही. केबिनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'येतो'. मॅनेजर म्हणाले, अहो, तो तर चाललाय. मी म्हटलं, आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. शेठ एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, राहू दे तुमचं नाव, आमच्या सगळ्या ऑफिसात राहू दे.

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर सही झाली. कांडल्याला पुढच्या आठवड्यात जायचंय, मी आणि सत्यजीत, आणि बाबा स्वतः तिकिटं काढून आलेत. दिवाळीनंतरच्या नोकरीचं कुणी नावसुद्धा काढत नाही. सुदामनं शेठच्या मागे उभं राहून मला हातानं खूण केली, आता तोच उरलेल्या मशीनवर टाकणार आहे.

आईनं पेढे आणले. त्याला खोकं म्हणणारी आई. सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटायला स्वतः गेली आणि मला बरोबर नेलं. खालच्या मजल्यावरच्या सुनिताकाकूंना तिनं सगळं सांगितलं, एक शब्द टाइप केला की कसं आपोआप सगळं मांडलं जातं ते, निम्मं चुकीचं पण रंगवून. काकूंनी पेढा घेतला आणि विचारलं, छान नाव आहे हो, कुणी ठेवलं? हिच्या आत्यानं का?

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नाही. त्याच्या आईनं ठेवलं." आणि माझ्याकडे बघून पुढचं दार वाजवायला गेली.

तुझी,
इरा